पोळ्या लाटायला सर्टिफिकेट कशाला?

या वेळचं पत्र लातूरहून आलं आहे. नाव-पत्ता छापू नका अशी विनंती असल्यामुळे तेवढं वगळून बाकी जसंच्या तसं देते.

«मॅडम, सप्रेम नमस्कार. माझं वय ४३. सात वर्षांपासून घरगुती मेस चालवते. सध्या ४० मेंबर आहेत, बहुतेक नीटची तयारी करणाऱ्या मुली. दोन्ही वेळचा डबा असतो. पोळी, भाजी, वरण, भात. एका वेळेला ४ किलो कणीक, २ किलो तांदूळ आणि १ किलो तुरीची डाळ लागते. डाळ लवकर शिजावी म्हणून चिमूटभर सोडा टाकते, गॅस वाचतो. मागच्या महिन्यात एक मुलगी क्लासमध्ये चक्कर येऊन पडली. तिच्या आईनं गावाहून फोन करून विचारलं, “तुमच्या डब्यात लोह किती असतं हो?” मला काही सांगता आलं नाही. त्या रात्री झोप नाही लागली. तेव्हापासून आहाराचं काहीतरी रीतसर शिकावं असं मनात आहे. पण मी दहावी नापास, गणितात गेले. एका क्लासवाल्यांचा फोन आला होता, मोबाइलवर २१ दिवसांत ‘सर्टिफाइड डाएटिशियन’ करून देतो म्हणाले, फी १८ हजार. मुलगा हसतो, म्हणतो पोळ्या लाटायला सर्टिफिकेट कशाला? मला खरंच जमेल का? कुठे शिकावं? आणि शिकल्यावर दारावर ‘आहारतज्ज्ञ’ अशी पाटी लावता येईल का?»

ताई,

आधी त्या २१ दिवसवाल्यांचा नंबर ब्लॉक करा, मग पुढचं वाचा. २१ दिवसांत अंड्यातून कोंबडीचं पिल्लू बाहेर येतं, डाएटिशियन नाही. त्यासाठी बारावीनंतर पदवी, मग बहुतेकदा पदव्युत्तर शिक्षण, मग रुग्णालयात उमेदवारी, इतकी वर्षं जातात. २०२१ साली केंद्र सरकारनं संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी वेगळा कायदा केला, त्यात डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट ही नावं नोंदणी करायच्या व्यवसायांमध्ये घातलेली आहेत. तेव्हा पाटीचा प्रश्न इथेच मिटला. ‘आहारतज्ज्ञ’ लावू नका. १८ हजार भरून नाही आणि मी पुढे सांगते तो कोर्स करूनही नाही. तुमच्या दारावर आधी दुसरा एक कागद हवा आहे, त्याचं शेवटी सांगते.

आता शिकण्याचं. तुमच्यासारख्यांसाठीच एक कोर्स आहे आणि तो फार वर्षांपासून चालू आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ साली सुरू झालं. त्यांचा अन्न आणि पोषण या विषयातला प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, त्याला सीएफएन म्हणतात. प्रवेशाला कुठल्याही परीक्षेची अट नाही. दहावी नापास चालतं, शाळेचं तोंड न पाहिलेलं चालतं, वाचता-लिहिता आलं म्हणजे झालं. कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं. वर्षातून दोनदा प्रवेश, जानेवारी आणि जुलै. फी त्या १८ हजारांच्या मानानं अगदी किरकोळ आहे. अर्ज इग्नूच्या संकेतस्थळावरून भरायचा, मध्ये कुणी एजंट लागत नाही. महाराष्ट्रात त्यांची प्रादेशिक केंद्रं मुंबई, पुणे आणि नागपूरला आहेत, अभ्यासकेंद्रं मात्र बऱ्याच गावांतल्या कॉलेजांमध्ये असतात. अर्ज भरताना आपल्या जवळचं कुठलं केंद्र हा कोर्स चालवतं ते बघून निवडा. आणि भाषेचा रकाना घाईनं भरू नका. पुस्तकं इंग्रजी आणि हिंदीत असतातच. चालू सत्राच्या प्रवेशपुस्तिकेत मराठीचा पर्याय दिसला तर उत्तमच. नाही दिसला तर हिंदी घ्या, लातूरच्या बाईला हिंदी पुस्तक जड जाणार नाही. प्रवेश घेण्याआधी चव बघायची असेल तर इग्नूची पुस्तकं ‘ई-ज्ञानकोश’ या त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. मुलाला म्हणावं, हसून झालं असेल तर तेवढी उघडून दे.

तीन पेपर आहेत. पहिला अन्न म्हणजे काय, त्यात काय काय असतं याचा. दुसरा ते अन्न निवडायचं, साठवायचं, शिजवायचं कसं याचा. तिसरा अन्नाच्या अर्थकारणाचा. तिसऱ्यात तुम्हाला कुणी फार शिकवू शकेल असं मला वाटत नाही, आठवडी बाजारातून ४० जणांची भाजी आणणाऱ्या बाईला घरखर्चाचं नियोजन काय शिकवायचं! एकूण १६ क्रेडिट. इग्नूच्या हिशोबात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास, म्हणजे सगळे मिळून ४८० तास. सहा महिन्यांत करायचं तर रोज अडीच तासांच्या वर जातात. सकाळच्या डब्याला पहाटे उठणाऱ्या बाईकडे रोज अडीच तास नसतात. म्हणून सुरुवातीलाच एक वर्ष धरा. रोजचे सव्वा-दीड तास पडतील, दुपारचे डबे गेल्यावर ते संध्याकाळची कणीक मळेपर्यंत. सहा महिन्यांत संपवण्याच्या ईर्ष्येनं घेतलेले कोर्स अर्धवट सुटतात हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मोजत नाही.

बरं, ते सुटतात कशामुळे? अभ्यास अवघड जातो म्हणून क्वचित. दोन कारणं नेहमीची. पहिलं, स्वाध्याय. घरी हातानं लिहून केंद्रावर द्यायचे असतात, त्यांचे गुण निकालात धरतात, आणि ते दिले नाहीत तर पेपर कितीही चांगला गेला तरी निकाल पूर्ण होत नाही. लोक समजतात ही गृहपाठासारखी वरवरची गोष्ट आहे. दुसरं, परीक्षेचा अर्ज. प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला आपोआप बसवतील असं नसतं. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असते, तिचा अर्ज आणि पेपरमागची फी वेगळी भरावी लागते, तारीख उलटली की सहा महिने गेले. या दोन्ही तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा, जिथे तुम्ही मेंबरांचे खाडे लिहिता.

आता गणित. तुम्ही लिहिलंय की गणितात गेले, आणि त्याच पत्रात सहज लिहून गेलात की ४० डब्यांना ४ किलो कणीक, २ किलो तांदूळ, १ किलो डाळ. अहो, या कोर्समधलं अर्धं गणित एवढंच आहे. चला, आपण दोघी मिळून करू.

एका डब्यात कणीक पडते १०० ग्रॅम, तांदूळ ५० ग्रॅम, डाळ २५ ग्रॅम. कणकेच्या १०० ग्रॅममध्ये साडेदहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. तुरीच्या डाळीत शंभराला बावीस धरा, म्हणजे तुमच्या २५ ग्रॅमला साडेपाच. तांदळाच्या ५० ग्रॅमला चार. बेरीज वीस. दोन डब्यांचे चाळीस. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०२० साली ठरवलेलं प्रमाण आहे, वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं. ५० किलोच्या मुलीला साडेएक्केचाळीस. सकाळचे पोहे, कपभर दूध धरलं तर आकडा भरतो. म्हणजे प्रथिनांत तुमचा डबा काठावर पास. काठावर अशासाठी की धान्यातल्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीतून भरून निघतो, आणि तुमच्या चाळीस ग्रॅममधली जेमतेम पाव प्रथिनं डाळीतली आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली जी ताटाची मांडणी दिली, तीत २००० कॅलरींच्या आहारात डाळी-कडधान्यं, किंवा त्यांच्या जागी अंडी-मांस, दिवसाला ८५ ग्रॅम धरली आहेत. तुमच्याकडून जातात ५०. वरणात पाणी किती हा मेसचा जुना विनोद आहे, पण खरा प्रश्न पाण्याचा नाही, पातेल्यात पडलेल्या डाळीचा आहे. वेळेला अर्धा किलो डाळ वाढवली की फरक बराचसा भरून निघतो. ते परवडत नसेल तर आठवड्यातून तीनदा मटकी-हरभऱ्याची उसळ आणि रोज चमचा-दोन चमचे शेंगदाण्याची चटणी. तुम्ही बसलाय तुरीच्या बाजारपेठेत, डाळमिलवाल्याकडून थेट घेतलं तर काय भाव पडतो हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर. कणकेच्या १०० ग्रॅममध्ये लोह सुमारे ४ मिलिग्रॅम. तुमच्या २५ ग्रॅम डाळीत १. पांढऱ्या तांदळात नावापुरतं. डब्यामागे साडेपाचच्या आत, दिवसाला अकरा. भाजीचं थोडं वर. प्रौढ बाईसाठी त्याच २०२० च्या तक्त्यात रोजचं प्रमाण २९ मिलिग्रॅम आहे. घाबरू नका, २९ हा आकडा जवळपास सगळ्याच जणींची गरज भागावी असा वर धरलेला असतो, सरासरी गरज १५ आहे. पण अकरा त्याहूनही खाली. प्रथिनांत काठावर पास झालेला डबा लोहात नापास आहे, ताई. तुमचाच नाही, महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांतला. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या, त्या काही सगळ्या मेसमध्ये जेवत नव्हत्या.

सर्टिफिकेट कशाला या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. तुमच्या हाताला अंदाज आहे, तो सात वर्षांत पक्का झालाय, माझ्यापेक्षा तो चांगला असणार. कोर्स त्या अंदाजाला आकडा देतो. पुढच्या वेळी फोन आला तर तुम्ही म्हणाल, “दोन्ही डबे मिळून अकरा-बारा मिलिग्रॅम, कमी आहे, मी वाढवतेय.” असं उत्तर देणारी मेस मला अजून भेटलेली नाही.

वाढवायचं कसं तेही सांगते, कोर्सची वाट बघायला नको. आठवड्यातून दोन-तीनदा पोळीऐवजी बाजरीची भाकरी, थंडीत हरभऱ्याचा पाला, एरवी माठ-राजगिरा, चटणीत तीळ आणि कारळं. मुली नाक मुरडतील, पहिल्या आठवड्यात खाडे वाढतील, धीर धरा. डब्यात लिंबाची फोड रोज. ती शोभेची नाही, धान्य-भाजीतलं लोह अंगी लागायला ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते. आणि जेवल्या जेवल्या चहा पिणं बंद, निदान तासाभराचं अंतर. चहातली द्रव्यं ते लोह अडवून धरतात. अभ्यासाला बसायच्या आधी चहा ही तुमच्या मेंबरांची सवय असणार, म्हणून मुद्दाम लिहिलं. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं हे मात्र विसरा, बीटात लोह फारसं नसतं. कोशिंबीर म्हणून खाऊ दे, औषध म्हणून नको.

आणि ती चक्कर आलेली मुलगी? तिला भाकरी-चटणीनं बरं करायला जाऊ नका. तिच्या आईला सांगा, डॉक्टरला दाखवून रक्त तपासा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर गोळ्या किती आणि किती दिवस ते डॉक्टर ठरवतील. कदाचित रक्ताचा काही संबंध नसेल, सकाळी उपाशीपोटी क्लासला जात असेल, नाश्त्याचा खाडा टाकणाऱ्या मुली तुम्हाला नावानिशी माहीत असतील. पण ते तपासणीनंतर. कोर्स झाल्यावर हा मोह जास्त होतो बरं. शेजारीण येते, साखरेचा रिपोर्ट पुढे करते, म्हणते सांग गं काय खाऊ. तिथे हात आवरायचा. निरोगी माणसाच्या ताटाबद्दल बोलायचं. आजारी माणसाचं ताट डॉक्टर आणि शिकलेला डाएटिशियन यांच्याकडे सोडायचं.

शिकलेल्यांची फजिती कशी होते तेही ऐका, म्हणजे कमीपणा वाटणार नाही. माझी नवी नोकरी होती, एका रुग्णालयात. मधुमेहाच्या एका मावशींना मी छान अक्षरात कागद लिहून दिला: दुपारी एक वाटी भात. महिन्यानं आल्या, साखर आहे तिथेच. मी रागावले. त्या म्हणाल्या, “बाई, तुमच्या एका वाटीवर शिताचा दाणा जास्त खाल्ला नाही.” पुढच्या खेपेला येताना घरची वाटी पिशवीतून घेऊन आल्या. वाटी कसली, आमच्याकडे ज्यात कणीक भिजवतात तेवढा वाटगा होता तो! त्यांच्या घरी त्यालाच वाटी म्हणत. एमएस्सीच्या दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं की वाटी म्हणजे केवढी. तुमच्या डब्याचे कप्पे, पळी, भाताचा डाव, हे सगळं एकसारखं असतं. कोर्सच्या पुस्तकात ‘एक वाटी’ आलं की तुम्ही तुमच्या पळीनं मोजून बघाल. म्हणून पुस्तक घ्यायच्या आधी एक वजनकाटा घ्या, पाच किलोपर्यंत चालणारा, डिजिटल. १८ हजारांतले उरलेले पैसे डाळीला लावा.

पुढे काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. या प्रमाणपत्रावर सरकारी नोकरी मिळत नाही, कुणी तसं सांगितलं तर पहिल्या नंबरासारखाच तोही ब्लॉक करा. अंगणवाडीच्या भरतीला शाळेचं शिक्षण बघतात. इग्नूचाच पोषण आणि आरोग्य शिक्षणाचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, पण त्याला बारावी लागते. दहावीचं गणित मनात सलत असेल तर परीक्षेला पुन्हा बसता येतं. मी आग्रह करणार नाही. पण वर आपण जे केलं ते त्रैराशिक होतं, आणि तुम्ही ते वाचून इथवर आलात.

आता तो दुसरा कागद. डबे विकता म्हणजे तुमचा अन्नव्यवसाय झाला, घरातून असला तरी. एफएसएसएआय, म्हणजे केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण, त्यांच्याकडे नोंदणी केली नसेल तर या आठवड्यात करा, छोट्या व्यवसायाची नोंदणी ऑनलाइन होते आणि महाग नाही. तो नोंदणीचा कागद गिऱ्हाइकाला दिसेल असा लावायचा असतो. अन्न सुरक्षेचं छोटं प्रशिक्षणही त्यांच्या ‘फॉस्टॅक’ नावाच्या योजनेत मिळतं, जमलं तर करा. कोर्स पास झालात की नोंदणीच्या शेजारी इग्नूचं प्रमाणपत्र जसं आहे तसं लावा. त्यावर कोर्सचं नाव छापलेलं असतं, वेगळी पदवी लिहायची गरज नाही. पाटीवर ‘घरगुती मेस’ हेच राहू दे. हवं तर खाली खडूनं रोजचं लिहा, आज डब्यात अमुक ग्रॅम प्रथिनं, अमुक लोह. लातूरला इतक्या मेस आहेत, हे लिहिणारी एकही दिसली तर मला कळवा.

मुलाशी वाद घालू नका. त्याला एक काम द्या, ४० डब्यांच्या कणकेचं, डाळीचं, तेलाचं वजन आठवडाभर वहीत लिहायचं. मेसच्या पैशावर शिकतोय ना? मग लिहील.

राहता राहिला सोडा. पत्रात तुम्ही तो अगदी सहज लिहिलात, आणि मी तिथेच थांबले. सोड्यानं डाळ लवकर शिजते खरी, पण तिच्यातलं ब१ जीवनसत्त्व त्यात नासतं. सडीक तांदळावर जगणाऱ्यांना याच ब१ च्या कमतरतेनं बेरीबेरी हा आजार व्हायचा. त्याचा तपास करायला १९१८ साली तमिळनाडूतल्या कुन्नूरला एका खोलीत जे काम सुरू झालं, तीच आजची हैदराबादची पोषण संस्था, जिचं ताट मी वर सांगितलं. तुमच्या मुलींना बेरीबेरी होईल असं नाही म्हणत मी. पण पहाटे उठल्या उठल्या डाळ भिजत घाला आणि पोळ्या उरकल्यावर कुकर लावा. गॅस तेवढाच वाचेल.